हिरव्या समुद्रशैवालांची ओळख: आधी नाव की आधी नमुना?

वनस्पतिशास्त्राच्या पदवी वर्गासाठी लिहिलेले एखादे जुने प्रात्यक्षिकाचे पुस्तक उघडून पाहावे. समुद्रातील हरित शैवालांच्या प्रकरणात दोन आकृत्या बहुधा शेजारी शेजारी सापडतात. एक आकृती पातळ, पसरट पात्याची असते आणि तिच्याखाली ‘उल्व्हा’ असे लिहिलेले असते. दुसरी लांबट, पोकळ नळीची असते, तिच्याखाली ‘एन्टेरोमॉर्फा’. पाते असेल तर उल्व्हा, नळी असेल तर एन्टेरोमॉर्फा. विद्यार्थी हे एक वाक्य पाठ करतात, परीक्षक नमुना पुढे ठेवतात, विद्यार्थी नाव सांगतात आणि गुण मिळतात.

हा फरक २००३ सालीच मोडीत निघाला. पण पुस्तके जुनी आहेत एवढीच आमची तक्रार असती तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पुढच्या आवृत्तीत नाव बदलले की काम भागले असते. आमची तक्रार शिकवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. नाव हे उत्तर आहे असे आपण शिकवतो. ते उत्तर कोणत्या पुराव्यावर उभे आहे, हे शिकवत नाही. उष्ण समुद्रातील हिरव्या शैवालांच्या बाबतीत ही पद्धत किती अपुरी पडते, ते पुढील दोन-तीन प्रकरणांवरून दिसेल.

किल्ली कुठवर चालते?

प्रथम शब्दांचा खुलासा करू. या लेखात ‘प्रजाती’ म्हणजे मोठा गट, जसे उल्व्हा. आणि ‘जाती’ म्हणजे त्या गटातील एक प्रकार, जसे उल्व्हा लॅक्टुका. वर्तमानपत्रांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, म्हणून सांगणे भाग आहे.

पावसाळा संपून समुद्र निवळला की कोकण आणि गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर हिरवी शैवाले जोमाने वाढतात. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला खडक उघडे पडले की ती सहज पाहता येतात. तेथे ओळख-किल्ली, म्हणजे ‘असे असेल तर इकडे, तसे असेल तर तिकडे’ अशी दोन-दोन पर्यायांची यादी, चांगली उपयोगी पडते. धागा बिनफांद्यांचा असेल तर केटोमॉर्फा, फांद्यांचा असेल तर क्लॅडोफोरा. पाते गाजराच्या तुकड्यात धरून ब्लेडने पातळ छेद घ्यावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा: पेशींचे दोन थर दिसले तर उल्व्हा, एकच थर दिसला तर मोनोस्ट्रोमा. साधा सूक्ष्मदर्शक असलेल्या शाळेतही हे जमते.

त्याहून वरच्या पातळीवर तर रंगसुद्धा चालतो. हिरवी, तपकिरी आणि लाल अशी शैवालांची विभागणी विल्यम हार्वे यांनी १८३६ मध्ये केली. ती स्थूलमानाने आजही टिकून आहे, कारण रंगामागे पेशीतील रंगद्रव्यांचे रसायन आहे आणि ते सहजी बदलत नाही. तेव्हा दिसणारी लक्षणे कुचकामी आहेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. जे लक्षण मोठ्या गटासाठी खरे ठरते, ते जातीपर्यंत नेऊन पोचवील असे नाही, एवढेच म्हणणे आहे. आपली पुस्तके ही मर्यादा सांगत नाहीत.

पाते आणि नळी

लिनीअसने १७५३ मध्ये ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथात उल्व्हा लॅक्टुका हे पसरट शैवाल नोंदवले. त्याच ग्रंथात, त्याच उल्व्हा प्रजातीत, त्याने नळीसारख्या उल्व्हा इंटेस्टिनॅलिस आणि उल्व्हा कॉम्प्रेसा याही घातल्या. नळ्या वेगळ्या काढून त्यांना एन्टेरोमॉर्फा हे नाव १८२० मध्ये लिंक यांनी दिले. पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे तो भेद चालू राहिला. २००३ मध्ये हिलरी हेडन आणि सहकाऱ्यांनी या शैवालांच्या डीएनएची तुलना प्रसिद्ध केली. पाती एका फांदीवर आणि नळ्या दुसऱ्या फांदीवर असा वंशवृक्ष मिळाला असता तर दोन प्रजाती ठेवता आल्या असत्या. प्रत्यक्षात दोन्ही आकार एकाच वृक्षात सरमिसळ होऊन विखुरलेले आढळले. म्हणजे पात्याची नळी किंवा नळीचे पाते होणे हे उत्क्रांतीत पुन्हा पुन्हा घडलेले आहे. दोन्ही प्रजाती एक झाल्या आणि लिनीअसचे जुने नाव, उल्व्हा, कायम राहिले.

असे का घडत असावे, हे वर्गात समजावून सांगण्यासारखे आहे. उल्व्हाचे रोप आधी पेशींच्या एका ओळीचे असते, मग त्याची छोटी पोकळ नळी होते. नळीच्या भिंती एकमेकींना चिकटल्या की दोन थरांचे पाते तयार होते. चिकटल्या नाहीत तर नळीच राहते. उल्व्हा लिंझा तर मधोमध पाते आणि कडेला पोकळ अशी, दोन्हींच्या मधली आहे. उल्व्हा कॉम्प्रेसा ही नळीवाली म्हणून प्रसिद्ध जाती अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर पात्याच्या रूपातही सापडते. वाढीच्या एका टप्प्यावरचा एवढासा फरक आपण प्रजातीची भिंत मानून बसलो होतो.

याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे हा आकार एकट्या शैवालाचा नसतोच. प्रयोगशाळेत पूर्णपणे जंतुरहित वाढवले तर उल्व्हाचे पाते बनत नाही. पेशींचा एक बेढब गोळा तयार होतो. शैवालावर राहणारे योग्य जीवाणू परत मिसळले की आकार परततो. मोनोस्ट्रोमाच्या बाबतीत जीवाणूंपासून मिळणारे असे आकार घडवणारे द्रव्य जपानी संशोधकांनी शोधून काढले आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे नाव थॅलुसिन. जो आकार शेजाऱ्यांच्या मदतीने घडतो, त्या एकाच आकारावर ओळख बेतणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

लंडनमधला एक वाळका नमुना

आता आपल्या किनाऱ्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. कोकणच्या खडकांवर लांब पट्ट्यांसारखी फाटलेली जी उल्व्हा विपुल वाढते, तिचे नाव आपल्याकडील याद्यांत उल्व्हा फॅसिएटा असे दिलेले असते. हे नाव देलील या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१३ मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या नमुन्यांवरून दिले. उल्व्हा लॅक्टुका मात्र युरोपातील थंड समुद्रांची, रुंद पात्याची जाती, अशी सर्वांची समजूत होती. लॅक्टुका म्हणजे लॅटिनमध्ये सॅलडमधला लेट्यूसचा पाला. इंग्रज लोक तिला समुद्राचा लेट्यूस म्हणतात.

वनस्पतिशास्त्राच्या नियमांनुसार जातीचे नाव हे वर्णनाला चिकटलेले नसते. ते सहसा एका विशिष्ट वाळवलेल्या नमुन्याला चिकटलेले असते. त्याला प्ररूप नमुना म्हणतात. वाद झाला तर त्या नमुन्याकडे जायचे. उल्व्हा लॅक्टुकाचा नमुना लंडनच्या लिनीअन सोसायटीत, लिनीअसच्या स्वतःच्या संग्रहात आहे. ह्यूई आणि सहकाऱ्यांनी त्यातील डीएनए तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. लिनीअसचा नमुना आणि उल्व्हा फॅसिएटाचा अधिकृत नमुना जवळजवळ तंतोतंत जुळले. ज्या नमुन्यावर युरोपच्या समुद्रलेट्यूसचे नाव उभे होते, तो नमुना उष्ण समुद्रातील जातीचा निघाला. तो बहुधा हिंदी-प्रशांत महासागराच्या परिसरातून आला असावा.

परिणाम असा झाला: एकाच जातीला दोन नावे असतील तर आधीचे नाव टिकते. १७५३ हे १८१३ च्या आधीचे. म्हणून आपल्या खडकांवरील उल्व्हा फॅसिएटा, ती खरोखर तीच जाती असेल तर, आता उल्व्हा लॅक्टुका म्हणावी लागते. उत्तर अटलांटिकच्या समुद्रलेट्यूसला मात्र अडीचशे वर्षे वापरलेले नाव सोडून उल्व्हा फेनेस्ट्राटा हे दुसरे नाव घ्यावे लागले.

‘खरोखर तीच असेल तर’ ही पुस्ती आम्ही मुद्दाम जोडली. आपल्याकडील जुन्या याद्यांत उल्व्हा लॅक्टुका हे नाव दिसले, तर लिहिणाऱ्याच्या मनात कोणते शैवाल होते? युरोपच्या पुस्तकातील रुंद पाते पाहून त्याने ते नाव दिले असेल, तर तो कोणत्या जातीबद्दल बोलत होता? यादी कितीही वेळा वाचली तरी याचे उत्तर मिळत नाही. नमुना जपून ठेवलेला असेल तरच मिळते. बर्गेसन या डॅनिश शास्त्रज्ञाने मुंबईच्या किनाऱ्यावरील शैवालांची यादी १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. अशा याद्या आजही मोलाच्या आहेत, पण त्यांतील प्रत्येक नाव त्यामागच्या नमुन्याइतकेच भक्कम आहे.

लिनीअसने नाव दिले तेव्हा डीएनए हा शब्दही नव्हता. वाळलेला तुकडा कोणीतरी कागदावर जपला, म्हणून आज तो बोलू शकला.

द्राक्षे, चकत्या आणि उजेड

हिरव्या शैवालांतील दुसरी अवघड प्रजाती म्हणजे कॉलर्पा. जमिनीसरपट जाणारे खोड, वर पानांसारखे भाग, खाली मुळांसारखे धागे, असे ते एखाद्या लहान झाडासारखे दिसते. पण हे सगळे मिळून एकच पेशी असते. आत आडव्या भिंती नाहीत, केंद्रके मात्र असंख्य. छेद घेऊन पेशींचे थर मोजण्याची सोय इथे राहत नाही. मग ओळख फक्त बाह्य आकारावर: द्राक्षांसारखे गोल मणी असतील तर कॉलर्पा रेसिमोजा, देठावर ठेवलेल्या चकत्या असतील तर कॉलर्पा पेल्टाटा.

जपानमध्ये ओहबा आणि एनोमोतो यांनी १९८७ मध्ये रेसिमोजाचा एक प्रकार वेगवेगळ्या परिस्थितीत वाढवून पाहिला. उजेड कमी केला की द्राक्षांच्या जागी चकत्या येऊ लागल्या. म्हणजे खडकाच्या उघड्या माथ्यावर एक ‘जाती’ आणि कपारीच्या सावलीत दुसरी ‘जाती’, असे एकाच शैवालाबद्दल लिहिले जाण्याची शक्यता होती.

यावरून ‘मग हे सगळे एकच आहे’ असे म्हणावे, तर तेही खरे नाही. २०१४ मध्ये बेल्टन आणि सहकाऱ्यांनी जगभरचे नमुने डीएनएने तपासले, तेव्हा रेसिमोजा-पेल्टाटाच्या या गोतावळ्यात दहाहून अधिक वेगळ्या जाती निघाल्या. आकाराच्या आधारे एका बाजूला आपण एकीच्या दोन करत होतो, तर दुसऱ्या बाजूला अनेकींची एक. दोन्ही चुका एकाच वेळी होऊ शकतात, हा या प्रकरणाचा खरा धडा आहे. आपल्या पुस्तकांत त्यातले काहीच येत नाही. द्राक्षांचे चित्र मात्र येते.

नाव चुकले तर बिघडते काय?

विद्यार्थी हा प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात पिसासारख्या आकाराच्या एका कॉलर्पाचा लहानसा ठिपका आढळला. तो पसरत गेला आणि समुद्रतळावरील गवताची कुरणे व्यापू लागला. ही उष्ण समुद्रातील कॉलर्पा टॅक्सिफोलिया असून मत्स्यालयातून निसटली आहे, असे एका पक्षाचे म्हणणे होते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की ही भूमध्य समुद्रातच आढळणारी कॉलर्पा मेक्सिकाना असून परिस्थितीनुसार तिने रूप बदलले आहे. कॉलर्पाचा आकार बदलतो हे ठाऊक असल्यामुळे दुसरा दावा झटकून टाकता येत नव्हता. पाहुणी म्हटले तर उपटून काढणे आले. घरचीच म्हटले तर काही करण्याची गरज नव्हती. १९९८ मध्ये जुसों आणि सहकाऱ्यांनी डीएनएची तुलना करून ती मत्स्यालयांतील टॅक्सिफोलियाच असल्याचे दाखवले. तोवर चौदा वर्षे गेली होती आणि शैवाल हाताबाहेर गेले होते.

जून २००० मध्ये हेच शैवाल अमेरिकेत, सॅन डिएगोजवळच्या एका खाजणात दिसले. आता तुलनेसाठी डीएनए हाताशी होता. ओळख लवकर पटली, शोध लागल्यापासून सतरा दिवसांत उपाय सुरू झाले. ठिपक्यांवर प्लॅस्टिकची आच्छादने घालून आत क्लोरीन सोडले गेले. २००६ मध्ये तेथून ते नष्ट झाल्याचे जाहीर झाले. खर्च ७० लाख डॉलरांच्या वर गेला. एकीकडे चौदा वर्षे, दुसरीकडे सतरा दिवस. हा फरक नशिबाचा नव्हता. तुलना करता येईल असा पुरावा हाताशी असण्याचा होता.

भूमध्य समुद्रातच १९९० च्या सुमारास दुसरी एक कॉलर्पा पसरू लागली. तिला रेसिमोजाचा प्रकार मानले गेले. रेसिमोजाचे मूळ वर्णन तांबड्या समुद्रातील सुएझचे, म्हणून ही सुएझ कालव्यातून आली असावी असा तर्क झाला. २००३ मध्ये ती नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातील असल्याचे दिसून आले आणि आज तिला कॉलर्पा सिलिंड्रासिया ही स्वतंत्र जाती मानतात. नावानेच वाट चुकवली होती.

आणखी एक बाब. टॅक्सिफोलिया ही जाती उष्ण समुद्रांत निसर्गतःच राहते. आपल्या देशाच्या किनाऱ्यावरही तिची नोंद आहे. भूमध्य समुद्रात उपद्रव केला तो थंडी सोसणाऱ्या एका वाणाने. तेव्हा कोकणात पिसासारखे कॉलर्पा दिसताच ‘मारेकरी शैवाल’ म्हणून आरोळी ठोकणे हीदेखील नावाची अंधभक्तीच होय. पिशीच्या कडांच्या बारीक पिसल्या दोरीसारख्या गोल असतील तर ती बहुधा कॉलर्पा सर्ट्युलॅरिऑइडिस असते. टॅक्सिफोलियाच्या पिसल्या चपट्या असतात.

डीएनए म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे

इथवर वाचून कोणाला वाटेल की डीएनए तपासला की झाले. तसे नाही. यंत्रातून मिळते ती अक्षरांची मालिका. तिच्यावर नाव चिकटवायचे तर ती आधीच्या नोंदींशी जुळवावी लागते, आणि त्या नोंदींवरील नावे माणसांनीच, पुष्कळदा आकार पाहून, दिलेली असतात. उल्व्हाच्या सार्वजनिक नोंदींची फेरतपासणी झाली तेव्हा त्यांत अनेक चुकीची नावे सापडली. चुकीच्या पाटीशी जुळलेले उत्तर शंभर टक्के जुळले तरी चुकीचेच राहते. म्हणून मालिकेमागेही जपलेला नमुना लागतो. नवे तंत्र जुन्या वाळवलेल्या कागदाची जागा घेत नाही, त्याची किंमत वाढवते.

वर्गात काय करता येईल?

पाठ्यपुस्तकात आम्हाला तीन बदल हवेत. एक, पाते-नळीचा भेद गाळू नये. तो भेद का मांडला गेला आणि का मोडला, या गोष्टीसह ठेवावा. दोन, प्रत्येक किल्लीच्या शेवटी ती प्रजातीपर्यंत नेते की जातीपर्यंत, हे स्पष्ट लिहावे. तीन, ‘उल्व्हा, जाती अनिश्चित’ या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत, आणि कारण न देता जातीचे नाव ठोकणाऱ्याचे गुण कापावेत. तिसरी सूचना परीक्षकांना जड जाईल हे आम्ही जाणतो. पण अनिश्चितता नेमकेपणाने सांगता येणे हे अज्ञान नव्हे. ते विज्ञानातले कौशल्य आहे.

शिक्षकांनी पुस्तक बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. किनाऱ्याजवळच्या शाळेने प्रत्येक प्रकाराचा एखादाच नमुना घ्यावा, तोही धारकासकट. म्हणजे खडकाला घट्ट धरणाऱ्या तळाच्या भागासकट. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले आहे. अशा ठिकाणी परवानगीशिवाय काही उचलू नये. ताटात समुद्राचे पाणी घेऊन शैवाल त्यात पसरावे, खालून जाड कागद सरकवून अलगद उचलावे, वर पातळ सुती कापड घालून वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबावे आणि कागद रोज बदलावेत. छोटा तुकडा वेगळा काढून सिलिका जेलच्या खड्यांत लगेच वाळवावा. उद्या कोणाला डीएनए तपासायचा झाला तर तो कामी येतो. पाटीवर ठिकाण, तारीख, ओहोटीची वेळ, खडक उन्हात होता की सावलीत, आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहावे. शैवालाचे नाव सर्वांत शेवटी, पेन्सिलीने, आणि पुढे कारण: ‘उल्व्हा, कारण छेदात दोन थर’.

यात वर्गापलीकडचेही हित आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या तयार होतात आणि अनेक ठिकाणी शिक्षक व विद्यार्थी त्यात हातभार लावतात. किनाऱ्यावरच्या गावाच्या वहीत पुस्तकातून उतरवलेली वीस लॅटिन नावे लिहिली, तर पन्नास वर्षांनी ती कोणालाही तपासता येणार नाहीत. पाच नमुने नीट वाळवून, पाटी लावून शाळेच्या कपाटात ठेवले, तर त्यांवरची पाचही नावे उद्या चुकीची ठरली तरी नोंद फुकट जाणार नाही. नाव खोडून नवे लिहिता येते. नसलेला नमुना मात्र कोणालाही परत आणता येत नाही.